सायकल सल्ला : लोफोटेनचा रस्ता, वारा आणि समुद्राखालचे बोगदे

उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर, मुख्यतः लोफोटेन या द्वीपसमूहात, सायकलने फिरण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : लोफोटेनमध्ये ‘ओ’ या टोकाच्या गावापासून स्वोल्वेरपर्यंत जेमतेम १३० किमी आहे. आम्ही पुणे-महाबळेश्वर एका दिवसात करतो. मग हे दोन दिवसांत सहज व्हावं ना? आणि सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

अंतर आणि चढ बघितले तर होईल. ई-१० हा मुख्य रस्ता बहुतेक समुद्राच्या पातळीजवळून जातो, मोठा घाट नाही. पण इथे दिवसाचा हिशेब किलोमीटरवर नाही, वाऱ्यावर करायचा. नॉर्वेचा हवामान अंदाज ‘यर’ या मोफत सेवेवर मिळतो आणि त्यात वारा मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो. त्याला ३.६ ने गुणा. ‘८’ हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण तो ताशी २९ किमीचा वारा आहे. शांत हवेत सामानासह २५ ते २७ च्या वेगाने जाणारा सायकलस्वार समोरून असा वारा लागला की तेवढ्याच ताकदीत १३-१४ वर येतो. म्हणजे लेक्नेस ते स्वोल्वेर हा ७० किमीच्या आतबाहेरचा टप्पा तीनऐवजी पाच तासांचा होतो.

पावसाळी हवा बहुधा नैर्ऋत्येकडून येते, म्हणून ओ कडून ईशान्येला स्वोल्वेरकडे जाणं सोयीचं मानतात. मात्र उन्हाळ्यात स्थिर, कोरडी हवा असली की वारा उत्तर किंवा ईशान्येकडूनही वाहतो. तेव्हा दिशा घरून ठरवून येऊ नका. बोडो या मुख्य भूमीवरच्या बंदराला पोचल्यावर पुढच्या तीन दिवसांचा अंदाज पाहा. तिथून मोस्केनेसची फेरीबोट घेतली तर ओ पाच किमीवर, हुर्टिगरुटन या किनारी बोटसेवेची बोट घेतली तर थेट स्टामसुंड किंवा स्वोल्वेर. दोन्ही टोकांकडून सुरुवात करता येते.

आमच्या मते चार दिवस ठेवा. लेक्नेसनंतर ई-१० सोडून दक्षिण किनाऱ्याचा ८१५ क्रमांकाचा रस्ता धरा. जुलैत ई-१० वर मोटारहोमची रांग असते आणि या रस्त्यावर त्यातली फार थोडी वाहनं वळतात. हेनिंग्सवेर या मासेमारीच्या गावाचा फाटा तर चुकवूच नका.

पुलांबद्दल एक सूचना. गिम्सोयचा पूल ८३९ मीटर लांब आहे आणि मध्यावर जहाजं खालून जातील इतका उंच. तिथे आडवा वारा अडवायला काहीच नाही. कठड्याला चिकटून चालवू नका, झोत आला की सरकायला एक मीटर जागा हवी. अंदाजात झोतांचा आकडा १५ च्या वर असेल तर उतरून चाला. खोल रिमची, वारा धरणारी चाकं घरीच राहू द्या.

प्रश्न : माझ्या जुन्या रोड बाइकला पुढे ५३-३९ आणि मागे ११-२८ दातांच्या चकत्या आहेत. समुद्राखालच्या बोगद्यांतून सायकल नेऊ देतात का, आणि हे गिअर पुरतील का? (पुणे)

लोफोटेनमधला नाप्स्ट्रॉमेन बोगदा (१९९०) सायकलींना खुला आहे. लांबी १,७७६ मीटर, तळ समुद्रसपाटीखाली ६३ मीटर, चढ ८ टक्क्यांपर्यंत. पुढे कधी नॉर्वेच्या उत्तर टोकाला नॉर्डकापला गेलात, तर तिथला १९९९ चा बोगदा खरी परीक्षा घेतो. लांबी सुमारे ६.९ किमी, तळ २१२ मीटर खाली, आणि साधारण ३ किमी उतार झाला की तेवढाच ९ टक्क्यांच्या आसपासचा चढ. काही बोगद्यांत सायकलला बंदी असते. लाल वर्तुळात सायकलचं चित्र दिसलं की आत शिरू नका. बहुतेक ठिकाणी जुना किनारी रस्ता बाजूने जातो.

आता गिअर. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून १०० किलो धरा. ९ टक्के चढावर ताशी ७ किमीला सुमारे १८० वॅट लागतात. ३९-२८ वर (पुढे ३९ दात, मागे २८) त्या वेगाला पायांचे फेरे मिनिटाला ३९-४० पडतात, म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यावर. ३४-३४ वर तेच ५५ होतात. जुन्या पाच हातांच्या, बोल्टच्या १३० मिमी वर्तुळाच्या क्रँकवर ३८ दातांपेक्षा लहान चेनरिंग (पुढची चकती) बसत नाही. त्यामुळे बदल मागेच करावा लागेल : ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), लांब पिंजऱ्याचा रिअर डिरेलर (मागची चेन सरकवणारा भाग) आणि नवी, लांब चेन. ३९-३४ ला ४८ फेरे मिळतात, चालवण्याजोगे. पण नुसती कॅसेट बदलून जुनी चेन ठेवण्याची काटकसर नको. चुकून पुढची-मागची सर्वांत मोठी चकती अशा जोडीवर गिअर टाकला तर चेन ताणून डिरेलरचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा तुकडा, मोडते. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. लेक्नेसच्या दुकानात तुमचा मिळेलच असं नाही. एक जादा हँगर पिशवीत असू द्या. पन्नास ग्रॅमही वजन नसतं त्याचं.

बोगद्यात शिरण्याआधी थांबा आणि क्रमाने करा : गॉगल काढा, वाऱ्याचं जॅकेट चढवा, मागचे दोन दिवे लावा (एक स्थिर, एक लुकलुकता), परावर्तक जॅकेट सर्वांत वर घाला. काही बोगद्यांच्या तोंडाशी सायकलस्वारांसाठी बटण असतं. दाबलं की वाहनचालकांसाठी इशाऱ्याचा दिवा लागतो. ते दाबाच. आत हवा थंड आणि दमट, त्यामुळे चष्म्यावर वाफ धरते, डांबर ओलं राहतं. उतारावर मोह होतो, पण ४० च्या आत राहा. पंख्यांचा आवाज इतका घुमतो की ट्रक पुढून येतोय की मागून, हे कळत नाही. त्या आवाजाने दचकून कडेला घुसणं हाच इथला मोठा धोका. आपली रेष सोडू नका. तळाशी सपाट भागात जॅकेटची चेन उघडा. चढावर घामाने भिजलात तर बाहेरच्या वाऱ्यात कुडकुडाल.

प्रश्न : तिथे सायकल भाड्याने घेतली तर काही वेगळं जाणवेल का? (ठाणे)

हो, ब्रेक. आपल्याकडे बहुधा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, तिकडे डावा. घाबरून सवयीने जो लिव्हर दाबाल तो नेमका उलटा निघेल. दुकानदाराला अदलाबदल करायला सांगा. केबलचे ब्रेक असतील तर थोडक्यात होतं. हायड्रॉलिकला नळ्या सोडवाव्या लागतात, तिथे नकारच येईल. मग रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास नुसता ब्रेकचा सराव करा. वाहतूक उजव्या बाजूने, हे तर आहेच. गोल चौकात आणि पेट्रोल पंपातून बाहेर पडताना डोकं जुन्या सवयीवर जातं.

प्रश्न : वरंध घाटात भर पावसात सायकल चालवायची सवय आहे. वेगळे कपडे लागतील का? (कोल्हापूर)

सह्याद्रीतला पाऊस २०-२२ अंशांचा. लोफोटेनमध्ये जुलैची सरासरी १२-१३, आणि पाऊस-वाऱ्याच्या दिवशी ८-९. ओल्या अंगाने तिथे पंक्चर काढायला वीस मिनिटं थांबलात की बोटं टायर लिव्हर धरेनाशी होतात. शिवणी बंद केलेलं जॅकेट, निओप्रीनचे हातमोजे दोन जोड, बुटांवरची आवरणं, आत लोकरीचा किंवा सिंथेटिक थर. सुती काही नको. पोंचो तर मुळीच नको, शीड होऊन जातं त्याचं.

प्रश्न : तंबू कुठेही ठोकता येतो हे खरं का? जेवणाचं काय? (स्टाव्हांगेर, नॉर्वे)

१९५७ च्या कायद्यानुसार मोकळ्या, बिनशेतीच्या जमिनीवर राहत्या घरापासून १५० मीटर दूर, एका जागी दोन रात्री. मात्र लोफोटेनमध्ये गर्दीच्या काही जागी स्थानिक मनाई आहे, पाट्या वाचा. रविवारी मोठी किराणा दुकानं बंद, लहान दुकानंच उघडी. शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं भरून घ्या. स्टोव्हचा गॅस विमानात नेता येत नाही, पोचल्यावरच घ्या. नळाचं पाणी निर्धास्त प्या. लाकडी मांडवांवर बोंबलासारखे टांगलेले कॉड मासे फेब्रुवारीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत दिसतात. वास ज्याला त्याला.

प्रश्न : खाऱ्या हवेने सायकल खराब होते का? (रत्नागिरी)

तुम्ही किनाऱ्यावरचे, तुम्हाला काय सांगायचं. रोज गोड्या पाण्याने धुवा, पण बेअरिंगवर जोराची धार मारू नका. चेनला ओल्या हवेचं घट्ट तेल, कोरडं मेण एका पावसात धुऊन जातं. डिस्क ब्रेकचे रेझिनचे पॅड ओल्या कचेत फार लवकर झिजतात. दोन्ही चाकांसाठी पॅडचा एकेक जादा संच न्या. टायर २८ किंवा ३२ मिमी.

प्रश्न : मध्यरात्रीचा सूर्य असताना रात्री सायकल चालवावी का? (नागपूर)

जरूर. मेअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत लोफोटेनमध्ये सूर्य मावळत नाही. रात्री आठ ते एक या वेळात रहदारी विरळ होते, वाराही बहुधा उतरतो. सूर्य तेव्हा वायव्य-उत्तरेला अगदी खाली असतो आणि त्या बाजूला तोंड असलेल्या चालकाचे डोळे दिपतात, म्हणून लख्ख उजेडातही दिवे चालू ठेवा. अपघात झाला तर रुग्णवाहिकेला ११३. झोपताना डोळ्यांवर पट्टी बांधा.