वाचकांचे प्रश्न : मेनफ्रेम शिकून फसगत होईल का?

प्रश्न : मुलगी जळगावला बी.एस्सी. कॉम्प्युटर करते. पुण्याच्या एका कंपनीत मेनफ्रेमसाठी (मोठ्या संस्थांचे व्यवहार सांभाळणारे प्रचंड संगणक) निवड झाली आहे. त्यावरची कोबॉल तर १९५९ सालची प्रोग्रॅमिंगची भाषा. जावं का?
– एक पालक, पाचोरा

उत्तर : जरूर जाऊ द्या. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही मेनफ्रेमची मालिका आणली, तेव्हापासून जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर चालत राहावेत हे धोरण सांभाळलं. म्हणून मोठ्या बँका, विमा आणि विमान कंपन्यांचे व्यवहार आजही त्यावर होतात. लाखो ओळींचा, तावून-सुलाखून निघालेला कोड बदलणं महाग आणि जोखमीचं. पण नुसतं कोबॉल पुरत नाही. जेसीएल (यंत्राला कामं सोपवायची भाषा), डीबी२ (डेटाबेस) आणि सीआयसीएसही (ऑनलाइन व्यवहार हाताळणारी प्रणाली) हवं.

घरी सुरुवात करायला ग्नूकोबॉल हा कंपायलर (लिहिलेला कोड यंत्राला कळेल असा करणारा प्रोग्रॅम) फुकट मिळतो. खऱ्या यंत्रावर सरावासाठी आयबीएमचं झेड एक्सप्लोर हे ऑनलाइन शिकण्याचं व्यासपीठ आहे, तेही मोफत. कोबॉलच्या पारंपरिक मांडणीत प्रत्येक ओळीचे पहिले सहा रकाने क्रमांकाचे, सातवा शेऱ्याचा, आठपासून परिच्छेदाची नावं, बारापासून आज्ञा. ७२ च्या पुढचं कंपायलर वाचतच नाही, आणि नवखे इथेच अडतात.

दुसरी डोकेदुखी एस०सी७ ही चूक. अंकांच्या जागी कोऱ्या जागा किंवा अक्षरं आली की हिशेब करताना जॉब (यंत्राला दिलेलं काम) मध्येच बंद पडतो. वर्किंग-स्टोरेजमधल्या (प्रोग्रॅमचे स्वतःचे खाने जिथे मांडतात तो भाग) बेरजेच्या खान्याला आधी शून्य द्यावं, फाइलमधून आलेला आकडा 'इफ न्यूमेरिक'ने (तो खरंच अंक आहे का हे पाहणारी अट) तपासावा. जॉब पडलाच, तर डम्पमधला (पडतेवेळच्या मेमरीची नोंद) ऑफसेट, म्हणजे चुकीच्या जागेचा आकडा, कंपाइल लिस्टिंगशी (कंपायलरने छापलेली कोडची यादी) ताडून ओळ शोधता येते.

बाँडची (ठरावीक काळ कंपनी न सोडण्याचा करार) अट मात्र सही करण्यापूर्वी नीट वाचा.