पहिला नांगर कोणी धरला?

प्रश्न : आमचं गाव शिंदखेडा तालुक्यात, तापीपासून जवळच. आजी सांगायची, "आठे निसतं जंगल व्हतं." आमच्या पूर्वजांनी ते तोडून गाव वसवलं, असं घरात सगळेच म्हणतात. हे खरं का? शोध कुठून घ्यावा?

उत्तर : जंगल होतं, आजींचं बरोबर आहे. पण बहुतेक ते मोडल्या गावावर माजलेलं असावं. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने खानदेश लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि गावंच्या गावं उठली. जिथे संध्याकाळी एकही दिवा लागत नाही, त्या गावाला दप्तरात 'बेचिराग' म्हणत. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल बसला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यात ठाणं केलं. पडीक उठवायला तगाई, म्हणजे शेतीसाठी सरकारी कर्ज, आणि कौल मिळू लागले. कौल म्हणजे आरंभी सारा अगदी हलका, मग वर्षागणिक चढता. त्या काळात नव्याने आलेली घराणी पुष्कळ. तुमचंही त्यातलं असू शकेल.

मी मोजणी खात्यात नोकरी केली. एकदा पांझरेकाठी साखळी ओढताना कपाशीच्या काळ्या वावरात मधोमध पांढुरका पट्टा लागला. तिथली कपाशी गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. मालक वैतागून बांधावर खापरं टाकत होता, त्यात फुटक्या जात्याची तळी होती. ती जुनी पांढरी, म्हणजे मोडलेल्या गावाच्या वस्तीची जागा. कोणीतरी बाई तिथे दळायला बसत होती, हे मला अजून विसरता येत नाही. तुमच्या शिवारात असा पट्टा आहे का, ते आधी बघा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या गावनकाशाची नक्कल काढा आणि गावठाण आज आहे तिथेच दाखवलंय का, ते ताडून पाहा.

दुसरं, गावच्या भिल्ल वस्तीत जाऊन बसा. गाव ओस पडलं तरी रानातली माणसं रानातच होती. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, ती याच माणसांची. पुढे कित्येक गावांची जागलकी, म्हणजे राखणीचं काम, भिल्लांकडेच होती. त्यांना वगळून 'पहिले आम्ही' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या वहीत, आडनाव आणि गाव सांगून पान काढायला सांगा. जुन्या पिढीच्या नावापुढे आजचंच गाव आहे की दुसरं, हे तिथे कळू शकेल. दुसरं निघालं तर मला जरूर लिहा.