मूळपेशींवर काम करायचंय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. भ्रूणीय मूळपेशींत (स्टेम सेल) डीएनएची प्रत बनायला सुरुवात कशी होते, यावर संशोधन करायचं आहे. स्टेम सेलचा सर्टिफिकेट कोर्स करू का?

उत्तर : त्या कोर्सवर पैसे घालू नका. तुमचा विषय उपचारांचा नाही, पेशीचक्राचा, म्हणजे पेशी वाढून तिच्या दोन होईपर्यंतच्या टप्प्यांचा आहे.

तुम्ही अभ्यासलेल्या यीस्टमध्ये प्रत सुरू होण्याच्या जागा ठरावीक अनुक्रमावरून ओळखता येतात. माणसात तसा ठरलेला अनुक्रम नाही, यंत्रणा मात्र तीच. जी-१ टप्प्यात, म्हणजे प्रत बनण्याआधीच्या तयारीच्या काळात, ओआरसी हा प्रथिनांचा संच डीएनएवर बसतो आणि सीडीसी-६, सीडीटी-१ या प्रथिनांच्या मदतीनं एमसीएम या डीएनए उलगडणाऱ्या प्रथिनांच्या दोन कड्या चढवतो. हेच लायसन्सिंग, म्हणजे प्रत बनवायचा परवाना. एस टप्पा, म्हणजे प्रत बनण्याचा काळ, लागला की सीडीके आणि डीडीके ही कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी विकरं) कामाला लागतात, सीडीसी-४५ आणि जीआयएनएस ही मदतनीस प्रथिनं येऊन जोडली जातात, आणि तोवर गप्प बसलेल्या कड्या डीएनए उलगडू लागतात.

मूळपेशीची खरी गंमत वेळेत आहे. तिचा जी-१ जेमतेम दोन-तीन तासांचा, तरी ती काम अर्धवट सोडत नाही, एमसीएम भराभर चढवते. भेदन, म्हणजे मूळपेशीची विशिष्ट प्रकारची पेशी बनणं, सुरू झालं की हा वेग उतरतो आणि जी-१ लांबतो. हे मोजायचं कसं? पेशींना १० मायक्रोमोलर ईडीयू (नव्या बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण) अर्धा तास द्यायचं, मग पेशी फिक्स करण्याआधी, म्हणजे आहेत तशा गोठवण्याआधी, डिटर्जंटनं सुटं एमसीएम धुऊन काढायचं, नंतर उरलेल्या एमसीएमला चिकटणारी अँटिबॉडी, डीएनए रंगवणारं डीएपीआय आणि एकेक पेशी मोजणारा फ्लो सायटोमीटर. धुणं कमी पडलं तर प्रत्येक पेशी लायसन्स झालेली दिसते, जास्त झालं तर केंद्रकं फुटतात. वसाहतीत भेदन झालेल्या पेशी मिसळल्या असतील तर आकडेच फसवे, म्हणून सोबत ऑक्ट-४ हे मूळपेशीची ओळख असलेलं प्रथिन तपासायचंच.

एम.एस्सी.साठी आयआयटी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा द्या. जॅमच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात गणित आणि भौतिकशास्त्रही असतं, तिथे जीवशास्त्राची मुलं मार खातात. पुढे सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (पीएच.डी.साठीची संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं. संशोधन संस्था म्हणाल तर पुण्यात एनसीसीएस आणि आयसर, मुंबईत टीआयएफआर. मात्र संस्थेच्या नावावर जाऊ नका, कोणत्या प्रयोगशाळेत पेशीचक्रावर काम चालतं ते शोधा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचे (उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम करण्याची संधी) अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी निघतात, ते चुकवू नका.

तोवर कॉलेजच्या हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची चौकटींची काच) यीस्ट मोजा. एकाच नमुन्याचे तीन आकडे जवळजवळ सारखे येईपर्यंत हात थांबवू नका.