केकवाला जिंकला, म्हणून तुम्हालाही नाही म्हणता येईल?

प्रश्न: डेन्व्हरला आमचं छोटं केटरिंग आहे. दोन पुरुषांच्या लग्नाची ऑर्डर आलीय. आमच्या धर्मात हे बसत नाही. नाही म्हटलं तर चालेल ना? तो केकवाला सुप्रीम कोर्टात जिंकला होताच की.

उत्तर: चालणार नाही. आणि 'केकवाला जिंकला' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

जुलै २०१२. तुमच्या शेजारचंच लेकवुड. चार्ली क्रेग आणि डेव्हिड मलिन्स लग्नाचा केक ठरवायला 'मास्टरपीस केकशॉप'मध्ये गेले. मालक जॅक फिलिप्स म्हणाले, वाढदिवसाचा केक देतो, कुकीज देतो, समलिंगी लग्नाचा केक करणार नाही. केक कसा हवा, त्यावर काय लिहायचं, याबद्दल शब्दही झाला नव्हता. कोलोरॅडोच्या भेदभावविरोधी कायद्यात २००८ पासून लैंगिक कल आहे, त्यामुळे राज्याच्या नागरी हक्क आयोगाने फिलिप्सना दोषी धरलं. ४ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो निर्णय ७ विरुद्ध २ असा फिरवला. का? आयोगाच्या एका सदस्याने जाहीर सुनावणीत धर्माच्या नावावर गुलामगिरी आणि हॉलोकॉस्टही खपवले गेले, असं बोलून ठेवलं होतं. शिवाय समलिंगीविरोधी मजकूर लिहायला नकार देणाऱ्या तीन बेकऱ्यांना याच आयोगाने सोडून दिलं होतं. आयोगाने धर्माबाबत तटस्थता पाळली नाही, यावर फिलिप्स सुटले. धर्म आड येतो म्हणून दुकानदाराला सरसकट सेवा नाकारता येत नाही, हे न्यायमूर्ती केनेडींनी त्याच निकालात लिहिलंय. तेवढं पान कोणी फॉरवर्ड करत नाही.

खरी पळवाट ३० जून २०२३ च्या '३०३ क्रिएटिव्ह' खटल्याच्या निकालात आहे. समलिंगी लग्नाच्या वेबसाइट बनवायच्या नसलेल्या डिझायनर लोरी स्मिथ सुप्रीम कोर्टात ६ विरुद्ध ३ ने जिंकल्या, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, म्हणजे मनाविरुद्धचा मजकूर करायला भाग पाडता येत नाही म्हणून. शिवाय समलिंगी गिऱ्हाइकांची इतर कामं करायला त्या तयार आहेत, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं.

फरक नीट कळतो तो ब्रिटनमध्ये. बेलफास्टच्या अ‍ॅशर्स बेकरीने २०१४ मध्ये 'सपोर्ट गे मॅरेज' लिहिलेला ३६.५० पौंडांचा केक नाकारला आणि २०१८ मध्ये पाचही न्यायाधीशांनी तिच्या बाजूने कौल दिला, कारण आक्षेप मजकुराला होता, माणसाला नव्हता. कॉर्नवॉलच्या लॉजवाल्या जोडप्याने दोन पुरुषांना डबल बेडची खोली नाकारली. ते २०१३ मध्ये हरले. खोली काही बोलत नाही.

मसालेभात आणि श्रीखंडही काही बोलत नाही. त्यामुळे ऑर्डर घ्या. दर ताट तोच, आगाऊ रक्कम तीच, किमान पानं तीच. 'तारीख बुक आहे' अशी थाप मारू नका. त्याच तारखेला दुसरी ऑर्डर घेतलीत की बुकिंगची वहीच तुमच्याविरुद्ध उभी राहते. 'आम्ही असली लग्नं करत नाही' असा मेसेज तर तक्रारदाराला आयता पुरावा. एखाद्या वाढप्याला जायचं नसेल तर त्याची पाळी बदला, ऑर्डर मात्र तुमच्या नावावर राहू द्या. मिठाईवर किंवा फलकावर मजकूर लिहून देत असाल, तर कुठला मजकूर लिहिणार नाही ते आजच फॉर्मवर छापा आणि सगळ्यांना सारखं लागू करा. नकार आल्यावर छापलेला नियम बनावच वाटतो.

'पण धर्म...' हे पूर्वीही झालंय. दक्षिण कॅरोलायनातला एक बार्बेक्यूवाला कृष्णवर्णीयांना आत बसू न देण्यासाठी धर्मच पुढे करत होता. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बचाव फालतू ठरवला. आपल्याकडे दुकानात जात-धर्मावरून मज्जाव करू नये असं सांगणाऱ्या संविधानाच्या कलम १५(२) मधल्या 'दुकान' शब्दावर संविधानसभेत चर्चा झाली तेव्हा, १९४८ मध्ये, बाबासाहेबांनी सांगितलं की अर्थ नुसता आत पाऊल टाकण्याचा नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा आहे. न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवण्याचा इतिहास ज्यांच्या गावात आहे, त्यांना हे आणखी समजवायला लागू नये.

हो, एक राहिलं. हे कोलोरॅडोचं झालं. लैंगिक कलावरून दुकानात भेदभाव करू नये, असा स्पष्ट केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. १९६४ च्या कायद्याच्या त्या भागात वंश, वर्ण, धर्म आणि मूळ देश एवढंच आहे. टेक्सासमध्ये राज्याचा कायदा नाही, पण ऑस्टिन आणि डॅलस शहरांचे आहेत. तिकडे शाखा काढणार असाल तर त्या शहराचा नियम बघा.