पाप पदरी घेणे, अपराध पोटात घालणे

गोव्यातल्या डिचोलीच्या एका मराठी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे. त्यांच्या शेजारी सावंतवाडी-चंदगडकडून कामाधंद्यासाठी आलेली काही ख्रिस्ती कुटुंबं राहतात. मुलं मराठी शाळेत, वाचायची सवय मराठीची, पण चर्चमधली मिसा, म्हणजे उपासना, कोंकणीत. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आत्मपरीक्षणासाठी एक पत्रक वाटतात, त्याचा मराठी मजकूर करून द्या अशी गळ त्यांनी बाईंना घातली. बाई लिहितात : ‘कन्फेशनला कबुली म्हटलं तर पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटतं. क्षमा लिहू की माफी? आणि सदसद्विवेकबुद्धीची तपासणी असं शीर्षक वाचून कुणी स्वतःकडे वळून बघेल का?’

तिन्ही शंका रास्त आहेत. माझं म्हणणं एवढंच, की या कामाला लागणारे शब्द रोजच्या मराठीत आधीच आहेत. ते सोडून आपण एकीकडे संस्कृतातले जोडशब्द धरतो आणि दुसरीकडे कचेरीतले.

आधी ‘कबुली’. हा शब्द अरबीतून आला आणि मराठीत कोर्टकचेरीच्या वाटेने रुळला. कबुलीजबाब घेतला जातो, गुन्हा कबूल करवून घेतला जातो. कबुली म्हटलं की समोर कुणीतरी विचारणारा बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा माणूस सापडल्यावरच ती देतो. शब्द वर्ज्य आहे असं मी म्हणणार नाही. मराठी बायबलात याकोबाच्या पत्रात (५:१६) पापं एकमेकांजवळ कबूल करायलाच सांगितलं आहे. पण त्याच बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात (१:९) एक वेगळी शब्दयोजना आहे : आपण आपली पापे ‘पदरी घेतली’ तर देव विश्वसनीय आहे, तो क्षमा करील. ज्या कुणाला हे सुचलं त्याला मराठीची नस सापडली होती. ‘पदरचे पैसे’ म्हणजे दुसऱ्याकडून न घेतलेले, स्वतःचे. ‘पदरमोड’ म्हणजे स्वतःची झळ. पाप पदरी घेणं म्हणजे ‘हे माझं आहे, परिस्थितीचं नाही, शेजाऱ्याचं नाही, सासरच्यांचं नाही’ असं म्हणून ते उचलणं. इथे कुणी विचारणारा लागत नाही. रात्री दिवा मालवल्यावर एकट्यानेही पाप पदरी घेता येतं.

पाद्र्याजवळ पापं सांगण्याच्या संस्काराचं नाव म्हणून मात्र मी ‘कुमसार’ तसाच ठेवीन. पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’पासून आलेला हा शब्द गोव्यातल्या कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या कानावर तो दर आठवड्याला पडतो. त्याच्या जागी ‘पापनिवेदन संस्कार’ लिहिलंत तर त्यांना तो अर्ज वाटेल. ‘कुमसाराला जाण्यापूर्वी’ असं साधं लिहा आणि खालच्या वाक्यात ‘पदरी घेणे’ येऊ द्या. गोव्यात मराठीने ख्रिस्ती आशय पेलणं काही आजचं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण रायतूरला छापलं गेलं ते १६१६ साली. सुमारे ११ हजार ओव्या, लिपी रोमन आणि भाषा मराठी.

शब्दांपेक्षाही मला काळजी वाटते ती वाक्यांची. बाईंनी नमुन्यादाखल चार ओळी पाठवल्या आहेत. त्यांतली एक अशी : ‘आपल्याकडून इतरांची मनं दुखावली जातात का?’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण या वाक्यात सापडत कुणीच नाही. मराठीत अपराध्याला निसटून जायला वाटा फार आहेत. ‘चूक झाली’ या वाक्यात चूक आहे, ती करणारा नाही. ‘माझ्या हातून झालं’ म्हटलं की दोष हातावर जातो. ‘बोलून गेलो’ यातलं ‘गेलो’ सांगतं की बोलायचा बेत नव्हता, तोंडच सुटलं. आणि ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात तर सगळं ओझं समोरच्याच्या वाईट वाटण्यावर पडतं. त्याला वाटलं नसेल तर प्रश्नच मिटला. या लकबी वाईट नाहीत, चारचौघांत वागताना त्या लागतातही. पण आत्मपरीक्षणाच्या कागदावर त्यांना जागा नाही. तिथे कर्ता हवा आणि तो ‘मी’ हवा. ‘आपण’सुद्धा नको. ‘आपण क्षमा करतो का?’ असं विचारलं की सगळी आळी गोळा होते आणि त्या घोळक्यात ज्याचा तो लपून जातो.

म्हणून प्रश्न असे करा : ‘घरकामाला येणाऱ्या बाईची मजुरी मी अडवून ठेवली का?’ ‘घराच्या वाटणीत भावापासून मी काही लपवलं का?’ ‘मोबाईलवर आलेली कुणाची बदनामी मी खातरजमा न करता पुढे पाठवली का?’ यात एक सोयही आहे. तुमची अडचण होती की दर ठिकाणी ‘बोललो/बोलले, विसरलो/विसरले’ अशी तिरकी रेघ मारावी लागते. मराठीत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्मामागे जातो, त्यामुळे ‘मी लपवलं’, ‘मी दिलं’, ‘मी पाठवली’ हे पुरुषाने वाचलं काय आणि बाईने वाचलं काय, सारखंच. ‘मी खोटं बोललो/बोलले का?’ऐवजी ‘मी खोटं सांगितलं का?’ लिहा. रेघ जाते आणि वाक्यही अंगाला भिडतं.

शीर्षकाकडे येतो. ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्द उच्चारतानाच दम लागतो. गोव्याच्या कोंकणीत चर्चमध्ये यासाठी ‘अंतस्कर्ण’ म्हणतात. मराठीत ‘अंतःकरण’ तितकं जमणार नाही, कारण आपलं अंतःकरण भरून येतं, द्रवतं. ते झडती घेत नाही. झडती घेतं ते मन. ‘मन खातं’, ‘मनाला टोचणी लागते’ हे आपण रोज म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा डुकरं राखता राखता मराठीत ‘शुद्धीवर येतो’, मग बापाकडे जायला उठतो. हेही किती नेमकं आहे! मी शीर्षक ‘मनाची झडती’ असं देईन. ‘आत्मपरीक्षण’ही चालेल, पण तो शब्द राजकीय पक्षांनी निवडणूक हरल्यावर इतका वापरला आहे की त्यातली धग गेली आहे.

झडतीबद्दल एक गोष्ट पत्रकात जरूर आणा. जेझुइट या ख्रिस्ती संन्यासी संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ज्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, त्यात रोजच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत आणि पहिली पायरी पापाची नाही, उपकारस्मरणाची आहे. आधी दिवसभरात जे मिळालं त्याबद्दल देवाचे आभार. मग स्वतःचं खरं रूप दिसावं म्हणून प्रकाश मागायचा. मग तासातासाने दिवस आठवायचा, क्षमा मागायची आणि शेवटी उद्याचा निश्चय. एखादी विशिष्ट खोड मोडायची असेल तर ते आणखी बारकाईने सांगतात : दिवसाच्या रेघेवर प्रत्येक चुकीला एक ठिपका द्यायचा, दुपारचे ठिपके रात्रीच्या ठिपक्यांशी ताडायचे आणि आजचे कालच्यांशी. जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बासिलिकेत ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर याच इग्नेशियसांचे सोबती, १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरलेले. म्हणजे ही रीत या मातीला परकी नाही. पत्रकातले प्रश्न थेट पापांपासून सुरू होत असतील तर त्यांच्या आधी ‘आज मला काय मिळालं?’ असा एक प्रश्न घाला. आभार मानलेल्या माणसाला स्वतःचं खोटं लवकर दिसतं, असं मला मनापासून वाटतं.

आता क्षमा आणि माफी. माफी वरून खाली येते : शेतसारा माफ, फी माफ, कर्जमाफी. देणारा सरकार असतो आणि सुटतो तो आकडा. रोजच्या धक्क्याबुक्क्यांत ‘माफ करा’ छान चालतं, पदर मात्र त्याने हलका होत नाही. क्षमा हा शब्द ज्या धातूचा, त्याचा अर्थ सोसणे. क्षमा करणारा काहीतरी सोसतो, फुकट सोडत नाही. प्रार्थनेत म्हणून क्षमाच हवी. पूजेच्या शेवटी क्षमाप्रार्थना म्हणणाऱ्या हिंदू शेजाऱ्यालाही ती लगेच कळेल. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रभूच्या प्रार्थनेत मराठी बायबल ‘ऋण सोडणे’ असं म्हणतं : आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड. हा शब्दही मला फार मोलाचा वाटतो, कारण ऋण सोडायचं तर आधी ते होतं हे मान्य करावं लागतं. आणि एक सावधगिरी : कोंकणी प्रार्थनेत तुमचे शेजारी ‘आमचीं पातकां भोगोस’ म्हणतात, त्यातलं ‘भोगसप’ म्हणजे क्षमा करणे. मराठी कानाला त्यात ‘भोगणे’ ऐकू येतं. तसं भाषांतर कुठे होऊ देऊ नका, अर्थ पार उलटा होईल.

पण माणसामाणसातल्या क्षमेसाठी मराठीकडे याहून मोठा शब्दप्रयोग आहे : पोटात घालणे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कडधान्यांच्या गोणींशेजारी, दोन बायकांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. एक म्हणाली, “वयनी, त्या दिवशी मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. पोटात घाला.” दुसरी म्हणाली, “ते मी तेव्हाच घातलं. तू जेवायला का येत नाहीस ते सांग.” पहिलीने ‘मी बोलले’ असं सरळ म्हटलं, ‘बोलून गेले’ नाही. आणि दुसरीने ‘तू कुठे काय बोललीस’ असं म्हणून ते नाकारलं नाही, घातलं म्हणाली. बोललेलं बोललेलंच राहिलं, फक्त ते आता तिच्या पोटात होतं, दोघींच्या मधे नव्हतं.

याच्या आजूबाजूचे प्रयोग नीट वेगळे ठेवायला हवेत. ‘पोटात ठेवणे’ म्हणजे गुपित राखणे. कुमसारात ऐकलेलं पाद्री पोटात ठेवतो. कॅथलिक कायद्याने ते कुणालाही सांगायला त्याला पूर्ण बंदी आहे, कोर्टालासुद्धा. ‘पांघरूण घालणे’ मात्र क्षमा नव्हे. त्यात दोष झाकला जातो आणि बहुधा दुबळ्याच्याच अंगावर टाकला जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला ‘तू ख्रिस्ती ना, मग सोडून दे’ असं सांगून गप्प बसवणं हे पांघरूणच, आणि तुमच्या पत्रकातली एखादी ओळ तसा दाब आणत असेल तर ती खोडून टाका. क्षमेत अपराधाचं नाव आधी घ्यावं लागतं. आणि कुमसारात पाद्री जे प्रायश्चित्त देतो त्यामुळे भरपाई टळत नाही : चोरलेलं परत द्यायचं असतं, बदनामी केली असेल तर ती निस्तरायची असते. लूकमधला जक्कय जकातदार फसवून घेतलेलं चौपट परत करायला निघतो.

क्षमा न करणं यासाठी पत्रकात ‘द्वेष’ लिहिलंय. तो शब्द इतका जड आहे की प्रत्येकजण ‘छे, मी कुणाचा द्वेष करत नाही’ म्हणून पुढे सरकेल. ‘अढी’ लिहा. ‘कुणाबद्दल मी मनात अढी ठेवली का?’ गोव्यात अढी कुणाला समजावून द्यावी लागत नाही. कच्चा मानकुराद आंबा पिकायला अढीत, गवताखाली, झाकून ठेवतात तशी मनातली अढीही झाकलेली असते आणि आत ऊब धरून असते. कितीदा क्षमा करायची, सात वेळा का, असं शिष्य पेत्राने विचारलं तेव्हा येशूने साताच्या सत्तर वेळा असं उत्तर दिलं. ज्याला अढी ठाऊक आहे त्याला या आकड्याचं कारण कळतं. एकदा उपसली तरी ती पुन्हा बसते.

शेवटच्या ओळीत तुम्ही ‘ज्यांच्याशी माझं बिनसलं आहे त्यांच्याशी मी समेट केला का?’ असं विचारलं आहे. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सांगितलंय, तेव्हा शब्द योग्य आहे. पण समेटाला दोघे लागतात, क्षमेला एक पुरतो. नवऱ्याची मारहाण सोसून माहेरी आलेल्या बाईने हा कागद वाचला तर? तिने क्षमा केली असेल आणि तरी परत जाणं तिला शक्य नसेल. ‘समेट केला का?’ हा प्रश्न तिला विनाकारण अपराधी करील. तो असा करा : ‘ज्यांच्याशी माझं बिनसलं आहे त्यांच्याकडे जायला मी पहिलं पाऊल टाकलं का? जाणं शक्य नसेल तर त्यांना मी मनातून सोडलं का?’ दोन्हींत ‘मी’ आहे, दोन्ही क्रियापदं सकर्मक आहेत, आणि तिरकी रेघ कुठेच लागत नाही.