म्हाताऱ्या कुत्रीची सांधेदुखी औषधांशिवाय कमी करता येते का?

तुमची लॅब्रेडॉर ११ वर्षांची, मागच्या दोन्ही पायांचे सांधे झिजलेले. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या दिल्यात, पण तिला कायम गोळ्यांवर ठेवायची तुम्हाला धास्ती वाटते. आणि घरातली मांजर हल्ली उंचावर चढत नाही, तिचंही हेच असेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्यक आहे आणि माझ्याकडे येणारे बरेचसे रुग्ण उतारवयातले कुत्रे-मांजरंच असतात. आधी एक कळकळीने सांगते, गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दुखलं की प्राणी हालचाल टाळतो, हालचाल थांबली की मांड्या वाळतात, आणि सांध्याला धरून ठेवणारे स्नायूच गेले की दुखणं आणखी वाढतं. हे चक्र तोडायला सुरुवातीला बहुतेक वेळा गोळी लागते. बाकीच्या गोष्टींनी जम बसला की डोस कमी करण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

आता औषधांव्यतिरिक्त काय. माझ्या मते पहिलं काम वजनाचं, आणि बाकी सगळं त्यानंतर. चरबीचा नुसता भार पडत नाही, तिच्यातून दाह वाढवणारे पदार्थही शरीरात पसरतात. लठ्ठ, लंगडणाऱ्या कुत्र्यांवरच्या एका अभ्यासात मूळ वजनाच्या सहाएक टक्के वजन उतरल्यावर लंगडणं स्पष्टपणे कमी झालं. ३६ किलोच्या कुत्रीसाठी हे म्हणजे साधारण दोन किलो! लॅब्रेडॉरवरच झालेला एक दीर्घ अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ४८ पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं होतं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं ११.२, आणि सांधेदुखीवर उपचार सुरू करायची वेळही कमी खाणाऱ्यांवर बऱ्याच उशिरा आली.

तिचं वजन जास्त आहे का, हे घरीच बघा. एक हात सपाट पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. तिच्या बरगड्या हाताला अशाच लागायला हव्यात. तळहातासारखं मऊ लागलं, तर वजन उतरवायचं. खाणं अंदाजाने वाढू नका, वजनकाट्यावर मोजून द्या. घरातला प्रत्येकजण येता-जाता जे काही भरवतो तेही त्याच मापातून वजा व्हायला हवं. आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून जास्त वजन उतरवू नका. मांजरीच्या बाबतीत तर फार जपून, कारण जाड मांजर काही दिवस नीट जेवली नाही तर तिच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

दुसरं काम फरशीचं. ती झोपेतून उठताना एकदा खाली बसून तिचे मागचे पंजे नीट बघा. गुळगुळीत फरशीवर ते बाहेरच्या बाजूला घसरतात, ती नखं रोवायचा प्रयत्न करते, दोन-तीनदा जोर लावते, मग पुढच्या पायांवर सगळं अंग ओढून उभी राहते. दिवसभरात असं कितीदा होत असेल, आणि प्रत्येक वेळी दुखऱ्या सांध्याला हिसका बसतो. झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत न सरकणाऱ्या रबरी चटया किंवा योगा मॅट सलग अंथरा. मध्ये मोकळी फरशी सोडली तर ती तिथेच अडते. नखं वेळेवर कापा, पंजाच्या गादीमधले वाढलेले केस काढा. गाडीत किंवा सोफ्यावर चढायला उतार करून द्या आणि झोपायला जाड, न दबणारी गादी.

फिरणं बंद करू नका, फक्त त्याची घडी बदला. सुट्टीच्या दिवशी दोन तास आणि एरवी काहीच नाही, हे सर्वांत वाईट. रोज दोन-तीनदा, थोडं थोडं, पट्टा लावून, तिच्या चालीने. चेंडूमागे पळणं, झेप घेणं, गर्रकन वळणं आता नको. पाण्याखालच्या ट्रेडमिलची सोय असलेलं प्राण्यांचं फिजिओथेरपी केंद्र मिळालं तर अवश्य न्या, पाण्यात अंगाचा भार हलका होतो आणि स्नायूंना काम मिळतं. सांधा आखडला असेल तर फिरायला जाण्यापूर्वी दहा मिनिटं कोमट शेक द्या. पिशवी टॉवेलात गुंडाळा आणि आधी स्वतःच्या मनगटावर ठेवून बघा. सूज किंवा नवीन इजा असेल तिथे शेकू नका.

लेझर आणि ॲक्युपंक्चरने काही प्राण्यांना आराम पडतो, पण पुरावा संमिश्र आहे. वजन आणि फरशी मार्गी लागल्यावर त्यांचा विचार करा. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ चा कुत्र्यांच्या सांधेदुखीत उपयोग दिसलाय, मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सांध्यांसाठी पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनवर माझा फारसा भरवसा नाही.

मांजरीबद्दलची तुमची शंका रास्त आहे. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले तेव्हा ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली होती. मांजर क्वचितच लंगडते, ती फक्त एकेक गोष्ट सोडून देते: उडी, अंग चाटणं, लिटर ट्रे (शी-शूसाठीचा तिचा ट्रे). एका बाजूची कड खूप कमी असलेला ट्रे ठेवा, आणि आवडत्या उंच जागेपर्यंत मध्ये एखादं स्टूल किंवा पायरी. तिला तपासूनही घ्या. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र दोघींनाही कधीच देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

फरक पडतोय का, हे मनाच्या कौलावर सोडू नका. आपल्याला तिला बरं झालेलं बघायचं असतं म्हणून बरं दिसतं. चाचण्यांमध्ये खोटी गोळी दिलेल्या कुत्र्यांच्या मालकांनाही बऱ्याचदा सुधारणा दिसलेली आहे. तीन कामं ठरवा, उदाहरणार्थ उठणं, पायऱ्या, चालून आल्यावरचा पहिला तास, आणि दर आठवड्याला त्याच जागी व्हिडिओ घ्या. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणं लपवतो, त्यामुळे हे व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. अचानक पाय टेकेनासा झाला, पाय ओढत चालू लागली किंवा खाणं सोडलं, तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी न्या.