अंतिम फेरी तोंडावर आणि आवाज फुटलेला

प्रिय ताई,
माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तो शेवटच्या पाचात पोचलाय. महिन्याभरापासून त्याचा आवाज फुटायला लागलाय, वरचा सा लावताना चिरकतो. गुरुजी म्हणतात, पट्टी उतरवा, म्हणजे गाणं खालच्या सुरात घ्या. माझे मिस्टर म्हणतात, गुरुजींना टीव्हीतलं काय कळतं? टाळ्या आणि मतं वरच्या सुरांनाच पडतात, दोनच आठवडे काढायचेत. चौकात फ्लेक्स लागलेत. मुलगा घरी बोलेनासा झालाय. परवा रात्री विचारत होता, "आई, माझा आवाज गेला का?" मी काय करू?
– एक आई

तुमच्या मुलाचा प्रश्न वाचून पोटात कालवलं. सगळ्यात आधी त्याला उत्तर द्या, कारण ते अगदी सरळ आहे: आवाज गेलेला नाही, बदलतोय. या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक, म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत, खाली उतरतो. मधल्या काळात तो कुठे फाटेल याचा भरवसा नसतो. हे त्याला कुणी सांगितलेलंच दिसत नाही. सुरेल मुलाला काल लागणारा सूर आज लागत नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत असणार. बोलेनासा झालाय तो त्यामुळे.

गुरुजींचं शंभर टक्के बरोबर आहे. फुटलेल्या आवाजात रोज तालमीत ओरडून वरचा सूर खेचत राहिलं, तर स्वरतंतूंना सूज येते, पुढे गाठीही होऊ शकतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा आणि मिस्टरांना सोबत न्या. घरात बायकोने सांगितलेलं आणि दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलेलं यात फरक पडतो, दुर्दैवाने. आणि घसा जपायचा म्हणून त्याला कुजबुजत बोलायला लावू नका, त्यानेही ताण येतो. भरपूर पाणी, नीट झोप, आणि गप्प बसावंसं वाटलं तर गप्प बसू द्या.

आता स्पर्धेचं. पट्टी बदलणं ही वादकांसाठी रोजची गोष्ट आहे. कीबोर्डवाला क्षणात बदलतो, बासरीवाला दुसरी बासरी काढतो. फक्त तालमीआधी कळवावं लागतं. त्यामुळे कार्यक्रमाच्या संगीत संयोजकांना थेट फोन करा आणि आवाज फुटलाय हे लपवू नका. त्यांनी असे आवाज पाहिलेले असतात. गाणंही बदलून मागा. तार सप्तकात, म्हणजे उंच सुरांत उभं राहणारं नको, मध्य सप्तकात, मधल्या सुरांत शब्दांवर रेंगाळता येईल असं एखादं भावगीत किंवा संथ अभंग घ्या. गुरुजींनाच निवडू दे.

याने मतं कमी पडतील का? पडतीलही. तुमच्या मिस्टरांचं निरीक्षण खोटं नाही, उंच सुरावर प्रेक्षक उठून उभे राहतात. पण 2009 च्या फेब्रुवारीतली 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'ची अंतिम फेरी आठवा. जिंकली कार्तिकी गायकवाड. पण आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित ही नावं आपल्यापैकी कोण विसरलंय? 2021 मध्ये हेच पाचजण त्याच कार्यक्रमात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. त्यांतले दोघे मुलगे होते. प्रथमेश लघाटे आज मोठ्या माणसाच्या आवाजात नाट्यपदं आणि अभंग गातो. रोहित राऊत 2020 मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या अंतिम फेरीत पोचला. दोघांचाही लहानपणचा आवाज राहिला नाही, गाणं राहिलं. मिस्टरांना हे नक्की ऐकवा.

त्यांच्याशी भांडण मात्र मांडू नका. चौकात फ्लेक्स लागलेल्या बापाला रोज दहाजण विचारत असतील, "काय, जिंकणार ना?" त्या माणसावरही ओझं आहे. त्यांना काहीतरी काम द्या. मतं मागायला फिरायचं तर फिरू देत, ते त्यांच्या हातात आहे. पण मुलाने कोणत्या पट्टीत गायचं ते गुरुजी ठरवतील, एवढी एक गोष्ट तुम्ही सोडू नका. इथे नमतं घेतलंत तर मुलाला वाटेल, घरात आपल्या गळ्यापेक्षा ट्रॉफी मोठी आहे.

आणि त्याच्यासमोर नातेवाइकांचे फोन स्पीकरवर घेणं बंद करा. "गावाची लाज राख" वगैरे वाक्यं चौदा वर्षांच्या पोराने का ऐकायची?

निकालानंतरच्या महिन्यांबद्दलही आत्ताच गुरुजींशी बोलून ठेवा. जिंकला तर कार्यक्रमांची आमंत्रणं येतील, मंडपात रात्री उशिरापर्यंत गायला लावतील. आवाज स्थिर होईपर्यंत ती घेऊ नका, पैसे कितीही देऊ देत. हरला तरी सकाळचा रियाझ चालू राहू दे, खालच्या सुरांत, थोडा वेळ, दमेपर्यंत नाही. नवा आवाज कुठवर जातो ते त्याचं त्याला शोधू दे.

संयोजकांना आजच फोन करा, पण त्याआधी मुलाशी बोला. त्याच्या गाण्याचा निर्णय त्याला तालमीत जाऊन कळायला नको.

– तुमची ताई